टायरमधली वाळू

संपादकांचा फोन आला. "ताई, तुमच्या सायकलच्या दुकानाचे अनुभव अंकासाठी लिहून द्या." मला लगेच शंका आली, यांना इतक्या वर्षांनी माझी आठवण कशी झाली? जाहिरात हवी असणार. तसं मी तोंडावर विचारलंही. ते म्हणाले, "जाहिरात नको, लेखच हवा." तरी मी आठवडाभर थांबले. जाहिरातीचे दर सांगणारा दुसरा फोन आला नाही, तेव्हा कुठे कागद पुढ्यात घेतला.

माझा स्वभाव मुळात असा नव्हता, असं आई म्हणायची. तो दुकानाने असा केला. वसईजवळच्या निर्मळ गावात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. आजूबाजूला केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, आणि ज्याला कुठे जायचं असेल तो आमच्याकडून सायकल न्यायचा. अण्णांचा एकच नियम होता. सायकल समुद्रावर न्यायची नाही. खारट वाळूने चेन गंजते, चाकाचे छर्रे खराब होतात. पोरं शपथेवर सांगायची, "नाही नेली काका, बाजारातच गेलो होतो." अण्णा चाक फिरवायचे, टायरच्या खाचेत नख घालायचे, बोटावर आलेली वाळू त्या पोराच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "बाजारात आज शिंपले विकायला होते काय?" मी बाजूला स्टुलावर बसून अभ्यास करायचे. अभ्यास फारसा झाला नाही, पण टायर वाचायला शिकले.

पुढे घरोघरी स्कूटर आल्या आणि भाड्याच्या सायकली संपल्या. अण्णा गेल्यावर मी दुकान चालवायला घेतलं, तेव्हा भावकीतल्या सगळ्यांना वाटलं की ही सहा महिन्यांत गाळा विकेल. मला वाटलं की ते माझ्या गाळ्यावर डोळा ठेवून आहेत. दोघांचेही अंदाज चुकले. पंक्चर काढत, शाळेच्या पोरांच्या सायकली विकत दिवस गेले. आणि मग या आठ-दहा वर्षांत नवीनच गिऱ्हाईक यायला लागलं. वसई, नायगाव, विरारच्या मोठ्या इमारतींमधली नोकरदार माणसं. त्यांच्या सायकलींची किंमत ऐकून पहिल्यांदा मला वाटलं होतं की माणूस मला फसवतोय.

या सायकलींना ऑल माउंटन म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोंगर चढायचा आणि त्याच सायकलवरून दगडधोंड्यांतून उतरायचाही, अशा दुहेरी कामासाठी ही केलेली असते. पुढे-मागे धक्के झेलणारे शॉक असतात, ब्रेक डिस्कचे असतात. पण सायकल कितीही महाग असो, जमिनीला टेकतो तो टायरच, आणि तोही तळहाताएवढा. बाकी सगळं हवेत असतं. त्यामुळे टायर निवडणं ही गंमत नाही. पुढचा टायर पकडीचा हवा, रुंद, मऊ रबराचा, वरचे दाणे उंच आणि सुटे सुटे. वळताना पुढचं चाक घसरलं की माणूस गेलाच खाली. मागचा घसरला तर एक वेळ सावरता येतं, म्हणून मागे जरा कमी दाण्यांचा, सहज पळणारा टायर चालतो. पण मागच्यावर वजन जास्त पडतं, दगड त्यालाच जास्त लागतात, तेव्हा त्याची बाजूची भिंत जाड लागते. जाड घ्याल तर जड होतो. मऊ घ्याल तर लवकर झिजतो. कडक घ्याल तर ओल्या दगडावर सरकतो. सगळ्या गोष्टी एका टायरमध्ये मिळतात असं जो सांगतो, त्याच्या दुकानातून उठून यावं.

हवेचंही तसंच. डोंगरात हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडावर बसतो. किती कमी, ते माणसाच्या वजनावर ठरतं. आणि वजनाबद्दल माणसं जेवढं खोटं बोलतात तेवढं वयाबद्दलही बोलत नाहीत. मग मी अण्णांचा जुना वजनकाटा माळ्यावरून काढला, ज्यावर पूर्वी केळीचे घड तोलायचे. आता टायर घ्यायला आलेला प्रत्येक जण आधी त्यावर उभा राहतो. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमचा काटा जास्त दाखवतोय." मी म्हटलं, "केळीवाल्यांची तक्रार होती की कमी दाखवतो." ते बूट काढून पुन्हा उभे राहिले.

दुसरा नियम अण्णांच्याच वळणावरचा. जुना टायर दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही. गिऱ्हाईक तोंडाने सांगतं की मी दर रविवारी डोंगरात असतो. टायर मधोमध गुळगुळीत झिजलेला आणि कडेचे दाणे नवेकोरे असतील, तर हा माणूस फक्त डांबरी रस्त्यावर फिरतो. मग मी त्याला राक्षसी दाण्यांचा टायर कशाला विकू?

प्रत्येक वेळी माझा संशय खरा निघतो असं मात्र नाही. रमण नावाचा एक फुलवाला आहे, पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातला. आमच्या बाजूच्या वाड्यांतून सोनचाफा उचलतो आणि स्टेशनजवळ विकतो. एके सकाळी हा भारीतल्या ऑल माउंटन सायकलवर आला, दोन्ही बाजूंना फुलांच्या करंड्या बांधून. मी हातातलं काम ठेवलं आणि त्याला विचारलं, "ही कुणाची?"

"माझी."

"कुठनं आणलीस?"

"तुला काय वाटते, चोरली मी?" तो शांतपणे म्हणाला.

मला तेच वाटत होतं. मी त्याला बिल विचारलं. बिल नव्हतं. मी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं आणि ओळखीच्या हवालदारांना फोन लावणारच होते, तेवढ्यात त्याने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. पलीकडे त्याचा आखातात नोकरी करणारा जावई होता. सुट्टीत हौसेने घेतली, दोनदा चालवली, आणि जाताना सासऱ्याला देऊन गेला. मला फार ओशाळं वाटलं. रमणला त्याचं काहीच नव्हतं. त्याची अडचण वेगळीच होती. "हवा फुल्ल मारली का फुलं उडतात. पानी मारून आनलेली असतात, खड्ड्यात आपटली का देठ तुटते. असा टायर दे का चाफ्याला कळला नाय पायजे." मी त्याला रुंद मऊ टायर दिले आणि हवा बरीच उतरवली. डोंगराचे टायर चाफ्यासाठी वापरणारा तो एकटाच असेल. अजूनही येतो, आणि दर वेळी आधी विचारतो, "बिल दाखवू काय?"

हे सगळं सांगितलं ते परबांचं सांगायचं म्हणून.

परब मूळचे कोकणातले. मुंबईत नोकरी, नायगावजवळ जूचंद्रला फ्लॅट. पन्नाशी ओलांडलेली. वागायला सरळ, निदान मला तसे वाटायचे. पूर्वेकडच्या तुंगारेश्वरच्या डोंगरात सायकल घेऊन जायचे, आणि त्यांचे जुने टायर खरोखर डोंगरात फिरलेले असायचे. कडेचे दाणे फाटलेले, खाचांत तांबडी माती. असं गिऱ्हाईक मला आवडतं, कारण त्याच्याकडे बघून शंका घ्यायला जागा नसते.

मग पावसाळ्याच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं. स्टेंट बसवला. महिना-दीड महिना ते दिसले नाहीत, आणि एक दिवस त्यांच्या ऐवजी परबबाई आल्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. रिक्षा थांबवून ठेवली होती, म्हणजे फार वेळ बसायचं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर थोडी थोडी सायकल चालेल. डोंगर अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "हे हो म्हणतात. पण मला भरवसा नाही. तुम्ही त्यांना डोंगराचे टायर देऊ नका. साधे घाला. टायरच नसले की कसे चढतील?"

नवऱ्याच्या पाठीमागे येऊन त्याच्या सायकलचे टायर बदलायला सांगणारी बाई मी पाहिली नव्हती. काय काय शंका येऊन गेल्या त्या इथे लिहीत नाही. मग त्यांचा पदराशी चाळा करणारा हात दिसला.

"आणि अजून एक," त्या म्हणाल्या. "रविवारी त्यांनी भुईगावच्या समुद्रकिनाऱ्याने तुमच्याकडे यायचं, हवा तपासून घ्यायची आणि परत जायचं, असं मी ठरवून दिलंय. मी तुम्हाला फोन करीन. तुम्ही फक्त टायर बघून सांगायचं, वाळू आहे की डोंगराची माती. ते म्हणत होते, तुम्हाला टायर बघून सगळं कळतं."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला अभिमानच वाटला.

पुढच्या रविवारी परब आले. मी म्हटलं, या सायकलला आता शहरातले टायर घालू, मधे सपाट, कडेला बारीक नक्षी, रस्त्यावर हलके पळतात. ते म्हणाले, "घाला." कोणता, केवढ्याचा, दुसरा दाखवा, काही नाही. जो माणूस पूर्वी एका टायरसाठी अर्धा दिवस माझं डोकं खायचा, त्याने एका शब्दात मान्य केलं. तिथेच मी थांबायला हवं होतं. गिऱ्हाईक वाद घालत नाही तेव्हा त्याच्या मनात दुसरं काहीतरी असतं.

त्यानंतर रविवारमागून रविवार ते येत राहिले. मी चाकाला हात लावायचे, खाचेत वाळू असायची. दुपारी फोन यायचा.

"काय होतं टायरला?"

"वाळू."

"बरं," म्हणून परबबाई फोन ठेवायच्या. त्या 'बरं'मध्ये एवढं हायसं वाटणं असायचं की मलाही जेवण गोड लागायचं.

दसरा जवळ आला होता. एका रविवारी परब हवा भरून घेत होते आणि मी सवयीने पुढच्या टायरच्या खाचेत नख घातलं. वाळू बोटावर आली. जाड, राखाडी, टोचणारी. मी चष्मा लावला. भुईगावच्या किनाऱ्याची वाळू लहानपणापासून माझ्या नखात आहे. ती बारीक असते, काळसर, आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा चमकतो. जिभेला लावली तर खारट. मी चोरून बोट जिभेला लावलं. खारट नव्हती. मग मी चेन बघितली. समुद्रावरून आलेल्या सायकलच्या चेनमध्ये वाळू करकरते. यांची चेन तेल लावून ठेवल्यासारखी स्वच्छ. टायरच्या बाजूच्या भिंतीवर मात्र ओरखडे होते, आणि एका ठिकाणी चांगली चीर गेली होती. आतले धागे दिसत होते.

जूचंद्रला जिकडे बघावं तिकडे इमारती उठतायत आणि प्रत्येक इमारतीपुढे दगड फोडून केलेल्या वाळूचा ढीग. हा माणूस डोंगरावर जाऊन येत होता, टायर धूत होता आणि बिल्डरच्या वाळूत चाकं लोळवून माझ्यासमोर आणून उभी करत होता. त्यांना वाटलं असणार, वाळू म्हणजे वाळू, दुकानातल्या बाईला काय कळतंय. या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने ही चूक केली नसती.

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. कारण डोंगर चढताना त्यांच्या छातीचं काय व्हायचं ते होवो, उतरताना ते माझ्या टायरवर होते. त्या सपाट टायरवर, शेवाळलेल्या दगडांवरून, चीर गेलेल्या भिंतीनिशी. त्यांना चढू देऊ नये म्हणून मी जे घातलं होतं, त्यावरून ते उतरत होते. तो चिरलेला टायर मी बोलता बोलता काढून घेतला, झिजलाय म्हणून त्यांना दुकानातला दुसरा एक जुना चढवून दिला आणि सांगितलं, "पुढच्या रविवारी बाईंना घेऊन या. नाही आणलंत तर हवा मिळणार नाही."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यांनाही आता संशय आला होता.

त्या दुपारी परबबाईंचा फोन आला. "काय होतं?" मी म्हटलं, "वाळू होती. पण तुम्ही रविवारी इकडे या, समोर बसून बोलू." त्यांनी 'बरं' म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी दोघं रिक्षाने आले. मी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तो चिरलेला टायर ठेवला. एका बाजूला त्यातून काढलेली वाळू, दुसऱ्या बाजूला मी सकाळी भुईगावहून आणलेली. परबबाईंनी दोन्ही वाळू बोटांनी चोळून बघितल्या. मग टायरच्या चिरेवरून बोट फिरवलं, धाग्यांपाशी थांबल्या.

"किती वेळा गेलात?" त्यांनी नवऱ्याकडे न बघता विचारलं.

परबांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "पावसाने उघडीप दिल्यापासून."

"मला सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नको म्हटलं असतं."

"म्हणूनच." ते खुर्चीत मागे टेकले. "खाली सगळे माझ्याकडे पेशंट म्हणून बघतात. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, तू पण. जिना चढलो तरी माझ्या तोंडाकडे बघतेस. वर गेलं की मला कळतं की मी अजून आहे."

"आणि तुम्ही वरच राहिलात तर मला कसं कळणार होतं?" परबबाई म्हणाल्या. "मी या ताईंना फोन करून विचारत होते. वाळू आहे ना, वाळू आहे ना. मूर्खासारखी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. परब उठून त्यांच्याजवळ गेले, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही. मी आत जाऊन उगाचच पाण्याचा तांब्या भरत बसले. मी त्यांच्यात पहारेकऱ्यासारखी उभी राहिले होते याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. अण्णा पोरांच्या टायरमधली वाळू बघायचे, पण पोरांच्या घरी चहाडी करायला कधी गेले नव्हते.

बाहेर आले तेव्हा परबबाई टायर हातात धरून बसल्या होत्या. "हा फुटला असता?"

"उतरताना," मी म्हटलं. "चढताना फुटून काही होत नाही."

त्यांनी मान हलवली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आधी डॉक्टर. सगळ्या तपासण्या. तोवर सायकलीचं पुढचं चाक इथे राहील." दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच चाक रिक्षात घालून आल्या आणि माझ्या दुकानातल्या खुंटीला लावून गेल्या. कुलूप त्यांनी घरून आणलं होतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी परबांना सायकलवरून बरंच झापलं, असं कळलं. मग काही दिवसांनी पुन्हा तपासलं आणि सांगितलं की हळू, थांबत थांबत, सोबत माणूस असेल तरच. त्यानंतर एका दुपारी परबबाई एकट्या आल्या. त्यांनी या वेळी रिक्षा थांबवून ठेवली नव्हती.

"वर जायला कोणता टायर लागतो?" त्यांनी विचारलं.

मी काढून दाखवायला लागले. माझ्या दुकानात इतकं संशयी गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. प्रत्येक टायर त्यांनी अंगठ्याने दाबला, वास घेतला. हा मऊ आहे म्हणता, मग लवकर फाटणार नाही का? भिंत जाड आहे हे मी कशावरून समजू? कापून दाखवा. मी एक जुना टायर कापून आतले थर दाखवले. तुम्हाला यात जास्त पैसे सुटतात म्हणून तर हा दाखवत नाही ना? एरवी कुणी असं विचारलं असतं तर मी शटर ओढलं असतं. त्या बाईंना मी सरळ उत्तर दिलं.

पुढचा त्यांनी सगळ्यांत रुंद निवडला, मऊ रबराचा, उंच दाण्यांचा. मागच्यासाठी मी दोन ठेवले. एक हलका, सहज चढणारा. एक जाड भिंतीचा, दगडाला दाद न देणारा, पण जड.

"जडाने काय होईल?"

"चढावर वेग मिळणार नाही. तीव्र चढ आला की उतरून ढकलावी लागेल."

"उतरून ढकलायला लाज वाटते त्यांना," त्या म्हणाल्या. "जड द्या. मी सोबत चालत असणार, दोघंही ढकलू."

मी गल्ल्यावरून उठले ती त्यांच्याकडे पाठ करून. टायर शोधत असल्याचं दाखवलं. मला कुणी रडताना बघितलेलं आवडत नाही.

आता काही रविवारी बाई सोबत चालतात, आणि त्यांना जमत नाही तेव्हा परब त्यांच्या सायकलच्या ग्रुपमधल्या कुणाबरोबर येतात. डोंगर करून आलेले असतात, तोंड उन्हाने लाल, आणि टायर धुतलेला नसतो. दुपारी ठरल्या वेळी माझा फोन वाजतो.

"काय होतं टायरला?"

"माती," मी सांगते. "तांबडी. डोंगराची."

मग त्या म्हणतात, "बरं. म्हणजे खरं सांगून गेले." आणि फोन ठेवायच्या आधी हमखास विचारतात, "नीट बघितलीत ना?"

मी नीट बघितलेली असते. तरी फोन ठेवून बाहेर येते आणि परब चहा पीत असताना पुन्हा एकदा खाचेत नख घालते.